के. कामराज : पक्ष उभारणारा आणि पक्ष बदलताना पाहणारा नेता

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : चेन्नई सेंट्रलहून उत्तरेकडे निघालेली उपनगरी रेल्वे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर कापून गुम्मिडिपूंडी येथे पोहोचते. येथून थोड्याच अंतरावर तामिळनाडूची हद्द संपते आणि आंध्र प्रदेश सुरू होतो. या परिसरातील सीमेला आजचे स्वरूप १ एप्रिल १९६० रोजी प्राप्त झाले. तिरुत्तणी तालुका त्या दिवशी तत्कालीन मद्रास राज्यात आला आणि त्याच्या बदल्यात चेंगलपट्टू जिल्ह्याच्या पोन्नेरी व तिरुवळ्ळूर तालुक्यांतील काही गावे आंध्र प्रदेशाला देण्यात आली. या वादात मध्यस्थी केली ती महाराष्ट्रातील कायदेपंडित हरी विनायक पाटसकर यांनी. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या त्यांच्या निकषांचा आधार महाराष्ट्राने पुढे बेळगाव सीमाप्रश्नातही घेतला.

त्या वेळी मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते के. कामराज. दोन्ही राज्यांत काँग्रेसची सरकारे होती, तरीही हा प्रश्न दिल्लीतील एखाद्या नेत्याच्या आदेशाने सुटला नाही. चर्चा, मध्यस्थाचा निवाडा आणि संसदेने केलेला कायदा या मार्गाने तो मिटला. राज्याचा नेता राज्याच्या वतीने बोलत होता आणि पक्ष ते ऐकून घेत होता. पुढील १५ वर्षांत ही कार्यपद्धती काँग्रेसमधून जवळजवळ नाहीशी झाली. हे परिवर्तन कामराज यांनी अगदी जवळून पाहिले. किंबहुना त्याच्या काही पायऱ्या त्यांच्याच हातून बांधल्या गेल्या होत्या. म्हणूनच त्यांचे चरित्र हे एका नेत्याचे चरित्र असतानाच एका पक्षाच्या अंतर्गत लोकशाहीचीही कहाणी ठरते.

कापडाच्या दुकानातून तुरुंगात

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुपट्टी, म्हणजे आजच्या विरुदुनगर येथे नाडार समाजातील एका व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्याने त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले आणि मामाच्या कापडाच्या दुकानात त्यांना काम करावे लागले. जालियनवाला बागेच्या घटनेनंतरच्या काळात ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि १९२४ चा वैकम सत्याग्रह यांत त्यांचा सहभाग होता. १९३० मध्ये वेदारण्यम येथील मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पहिल्यांदा तुरुंगवास घडला.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी एकंदर सुमारे ३,००० दिवस तुरुंगात काढले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईतील अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या ऐतिहासिक अधिवेशनाला ते उपस्थित होते. तेथून परतल्यावर त्यांना अटक झाली आणि या स्थानबद्धतेचा मोठा काळ त्यांनी विदर्भातील अमरावतीच्या तुरुंगात घालविला. शाळेत राहून गेलेले वाचन त्यांनी तुरुंगात पूर्ण केले.

पदाविषयीची त्यांची दृष्टी दाखविणारी एक घटना याच काळातील आहे. तुरुंगात असतानाच विरुदुनगर नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली होती. सुटकेनंतर त्यांनी पदभार स्वीकारला आणि लगेच राजीनामा दिला. ज्या पदाला पूर्ण न्याय देता येणार नाही, ते अडवून ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

तीन मतांचा निकाल

स्वातंत्र्यपूर्व काळातील काँग्रेस हा केवळ चळवळीचा मंच नव्हता. सभासद नोंदणी, तालुका व जिल्हा समित्या, प्रांतिक समिती आणि अखिल भारतीय समिती अशी निवडणुकीने भरली जाणारी उतरंड तिच्याकडे होती. कामराज याच उतरंडीतून वर आले. त्यांचे गुरू एस. सत्यमूर्ती १९३६ मध्ये तामिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा कामराज सचिव झाले. १९४० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कामराज यांनी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या गटाचे उमेदवार सी. पी. सुब्बय्या यांचा पराभव केला. फरक अवघ्या तीन मतांचा होता. राजाजींचे राष्ट्रीय पातळीवरील वजन पाहता, हा निकाल पक्षांतर्गत मतदानाच्या सामर्थ्याचे उदाहरण मानला जातो. त्यानंतर सत्यमूर्ती यांनी आपल्याच शिष्याच्या अध्यक्षतेखाली सचिवपद स्वीकारले.

तथापि, कामराज त्यानंतर १४ वर्षे या पदावर राहिले, हेही नोंदविले पाहिजे. टी. प्रकाशम, ओमंदूर रामस्वामी रेड्डियार आणि पी. एस. कुमारस्वामी राजा या तिघा मुख्यमंत्र्यांच्या निवडीमागे त्यांचा शब्द निर्णायक होता. संघटना कोणाच्या हाती असते, सत्ता त्याच्याभोवती फिरते, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

पराभूत स्पर्धक मंत्रिमंडळात

१९५३ मध्ये राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस घरच्या व्यवसायात घालवावा, असे तिचे स्वरूप होते. ही योजना जातिव्यवसाय पक्के करील, अशी टीका झाली आणि राजाजींना पद सोडावे लागले. विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी मतदान झाले. त्यात कामराज यांना ९३, तर सी. सुब्रमण्यम यांना ४१ मते मिळाली. १३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले.

त्यांचा पहिला निर्णय अनेकांना अनपेक्षित होता. प्रतिस्पर्धी सुब्रमण्यम आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार करणारे एम. भक्तवत्सलम या दोघांनाही त्यांनी मंत्रिमंडळात घेतले. विरोधात मत देणारा सहकारी हा शत्रू नसतो, हे तत्त्व यातून दिसते. सुब्रमण्यम पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले आणि हरितक्रांतीच्या शिल्पकारांमध्ये त्यांची गणना होते.

कामराज यांच्या साडेनऊ वर्षांच्या कारकिर्दीत राजाजींची शिक्षण योजना रद्द झाली, खेडोपाडी शाळा उघडल्या गेल्या, शालेय शिक्षण मोफत झाले आणि गरीब मुलांसाठी मध्यान्ह भोजन सुरू झाले. आज देशभर परिचित असलेल्या शालेय पोषण आहाराची एक प्रमुख मुळे येथे आहेत. वैगै, सातनूर, मणिमुत्तार ही धरणे, नेयवेलीचा लिग्नाइट प्रकल्प, पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना, तिरुचिरापल्लीचा अवजड विद्युत उपकरणांचा कारखाना आणि गिंडीची औद्योगिक वसाहत याच काळातील आहेत. चेन्नईच्या उत्तर व पश्चिम बाजूंना पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचा पाया तेव्हा घातला गेला. गुम्मिडिपूंडीची औद्योगिक वसाहत नंतरची असली, तरी ती त्याच धोरणाची पुढची कडी होय.

कामराज योजना

१९६२ च्या चीन युद्धानंतर काँग्रेसची प्रतिष्ठा खालावली. १९६३ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी हे तिघे कडवे विरोधक निवडून आले. पक्ष सत्तेत रमला आणि संघटना दुबळी झाली, असे निदान कामराज यांनी केले. ज्येष्ठ नेत्यांनी सरकारी पदे सोडून पक्षकार्यास वाहून घ्यावे, असा प्रस्ताव त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापुढे ठेवला. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री यांचे राजीनामे स्वीकारण्यात आले. केंद्रीय मंत्र्यांत लालबहादूर शास्त्री, मोरारजी देसाई, जगजीवन राम आणि मुंबईचे स. का. पाटील यांचा समावेश होता. स्वतः कामराज यांनी २ ऑक्टोबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपद सोडले आणि लवकरच ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

हेतू संघटना बळकट करण्याचा होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. बहुमताचा पाठिंबा असलेल्या मुख्यमंत्र्याला विधिमंडळाने दूर केले नव्हते. कोणाचा राजीनामा स्वीकारायचा, हे दिल्लीत ठरले होते. राज्यातील नेत्याचे पद दिल्लीच्या इच्छेवर अवलंबून असू शकते, असा पायंडा त्यातून पडला. नेहरूंसारख्या नेत्याच्या हाती त्या अधिकाराची भीती कोणाला वाटली नाही. पुढे तोच अधिकार सरसकट वापरला गेला, तेव्हा त्यास जुन्या उदाहरणाचा आधार मिळाला.

दोन पंतप्रधानांची निवड

२७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. नेहरूंनंतर कोण, हा प्रश्न जगभरातील वृत्तपत्रे विचारीत होती. कामराज यांनी खासदार, मुख्यमंत्री आणि कार्यकारिणीचे सदस्य यांच्याशी स्वतंत्रपणे बोलून कौल अजमावला. लालबहादूर शास्त्री यांच्या नावावर सहमती असल्याचे त्यांनी जाहीर केले, मोरारजी देसाई यांनी माघार घेतली आणि २ जून रोजी शास्त्री यांची एकमताने निवड झाली. हे सत्तांतर शांततेने झाले, म्हणून कामराज यांचे मोठे कौतुक झाले. मात्र मतमोजणीऐवजी एका व्यक्तीने अजमावलेला कौल, ही पद्धतही त्याच वेळी रूढ झाली.

११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्री यांचे निधन झाले. कामराज यांनी स्वतः पंतप्रधान व्हावे, असा आग्रह अनेकांनी धरला. हिंदी आणि इंग्रजीवर आपले प्रभुत्व नाही, या जाणिवेने त्यांनी तो मान्य केला नाही. त्यांनी इंदिरा गांधी यांच्या बाजूने वजन टाकले. या वेळी मोरारजी देसाई माघार घेण्यास तयार नव्हते. १९ जानेवारी रोजी काँग्रेस संसदीय पक्षात गुप्त मतदान झाले. इंदिरा गांधी यांना ३५५, तर देसाई यांना १६९ मते मिळाली.

कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा, संजीव रेड्डी आणि स. का. पाटील या नेत्यांच्या गटाला तेव्हा सिंडिकेट म्हटले जाई. तुलनेने अननुभवी पंतप्रधान संघटनेच्या सल्ल्याने चालतील, असा त्यांचा होरा होता. तो चुकीचा ठरण्यास फार वेळ लागला नाही. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. एवढा मोठा निर्णय पक्षाला विश्वासात न घेता झाल्याने पक्षाध्यक्ष कामराज अत्यंत नाराज झाले. पक्ष सरकारला दिशा देतो की सरकार पक्षाला, हा वाद येथून उघड झाला.

विरुदुनगरचा पराभव

१९६७ च्या निवडणुकीत मद्रासमध्ये सी. एन. अण्णादुराई यांच्या नेतृत्वाखालील द्रमुकने काँग्रेसची सत्ता संपुष्टात आणली. हिंदीविरोधी आंदोलन आणि धान्यटंचाई ही त्याची प्रमुख कारणे होती. विरुदुनगरमध्ये कामराज यांचा पराभव पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याने १,२८५ मतांनी केला. मुंबईत स. का. पाटील यांनाही जॉर्ज फर्नांडिस यांनी हरविले. कामराज यांनी मतदारांचा निर्णय शांतपणे स्वीकारला. १९६९ च्या आरंभी नागरकोइलच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत गेले.

या पराभवांनी सिंडिकेटचे नैतिक बळ घटले. मतदारांनी नाकारलेले नेते समितीच्या बैठकांतून सत्ता चालवू पाहतात, असा आक्षेप घेणे आता सोपे झाले. या आक्षेपात तथ्य होते. संघटनेतील सभासद नोंदणीत बोगस नावे, गटबाजी आणि बंद खोलीतील वाटाघाटी वाढल्या होत्या. पक्षांतर्गत लोकशाहीचा सांगाडा शिल्लक असला, तरी तिच्यातील चैतन्य ओसरू लागले होते.

बंगळूरची बैठक आणि फूट

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने संजीव रेड्डी यांची उमेदवार म्हणून बहुमताने निवड केली. कामराज यांच्याबरोबरच यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डी यांच्या बाजूने मत दिले होते. पंतप्रधानांची पसंती जगजीवन राम यांना होती. त्यानंतर घटना वेगाने घडल्या. मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि १९ जुलै रोजी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. राष्ट्रपतिपदासाठी सदसद्विवेकबुद्धीने मतदान करण्याचे आवाहन झाले आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार रेड्डी यांचा पराभव होऊन व्ही. व्ही. गिरी निवडून आले. यशवंतरावांनी अखेरीस पंतप्रधानांची साथ दिली.

१२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिरा गांधी यांना पक्षातून काढून टाकण्यात आले आणि काँग्रेस दुभंगली. अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या ७०५ सदस्यांपैकी ४४६ सदस्य इंदिरा गांधी यांच्या बैठकीस उपस्थित होते. त्यामुळे ही फूट केवळ एका व्यक्तीच्या हट्टाने झाली, असे म्हणता येत नाही. बहुसंख्य प्रतिनिधी त्यांच्याकडे होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि गरिबी हटविण्याचा कार्यक्रम यांना जनतेचाही पाठिंबा होता. कामराज संघटना काँग्रेसमध्ये राहिले.

समितीकडून व्यक्तीकडे

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या, तर संघटना काँग्रेसला केवळ १६ मिळाल्या. तामिळनाडूत संघटना काँग्रेसची एकच जागा आली, ती नागरकोइलची कामराज यांची. द्रमुकशी झालेल्या समझोत्यात इंदिरा गांधी यांच्या पक्षाने तामिळनाडू विधानसभेची एकही जागा लढविली नाही. ज्या प्रांतात कामराज यांनी गावोगाव पक्ष उभारला होता, तेथे राज्याची सत्ता दुसऱ्या पक्षाला देण्याचा निर्णय दिल्लीत झाला.

हा विजय उमेदवारांपेक्षा एका नेत्याच्या नावावर मिळाला होता, आणि त्याचे परिणाम संघटनेवर झाले. १९७१-७२ मध्ये राजस्थानचे मोहनलाल सुखाडिया, आंध्रचे ब्रह्मानंद रेड्डी, मध्य प्रदेशचे श्यामाचरण शुक्ल अशा स्वतःचा आधार असलेल्या मुख्यमंत्र्यांना जावे लागले. महाराष्ट्रात ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक फेब्रुवारी १९७५ मध्ये पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण यांची निवड झाली. विधिमंडळ पक्षाने मतदान करण्याऐवजी नेता निवडीचे अधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव करावा, ही रीत बनली. १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुका जवळपास दोन दशके झाल्या नाहीत. जिल्हा आणि प्रदेश समित्या नेमणुकीने भरल्या जाऊ लागल्या.

नेमणुकीने आलेला पदाधिकारी कार्यकर्त्यांना उत्तरदायी राहत नाही, तो नेमणाऱ्याकडे पाहतो. अप्रिय बातमी वर पोहोचविणारा दुवा त्यामुळे तुटतो. १९४० मध्ये तीन मतांनी राजाजींच्या उमेदवाराला हरविणे कामराज यांना शक्य झाले होते. मतदानच न होणाऱ्या पक्षात अशा तरुणाला वर येण्याची वाट उरत नाही.

आणीबाणी आणि अखेर

१९७४ च्या सुमारास दोन्ही काँग्रेसमध्ये सलोख्याचे प्रयत्न झाले आणि पुदुच्चेरीच्या निवडणुकीत त्यांनी युतीही केली. परंतु १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरविली आणि २५ जून रोजी आणीबाणी जाहीर झाली. या निर्णयाला मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी पहाटे, राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाल्यानंतर घेण्यात आली. पक्षात जी पद्धत रुळली होती, ती आता शासनात आली. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई यांच्यासह कामराज यांचे अनेक जुने सहकारी तुरुंगात गेले. तामिळनाडूत द्रमुकचे सरकार असल्याने कामराज मोकळे होते, पण प्रकृती आणि मन दोन्ही खचले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, चेन्नईच्या त्यागराय नगर भागातील निवासस्थानी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. बरोबर १२ वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. ते अविवाहित होते. काही कपडे, पुस्तके आणि सुमारे १३० रुपये एवढीच त्यांची मालमत्ता उरली होती, असे सांगितले जाते. अंत्यसंस्काराला पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

मागे राहिलेला प्रश्न

१९७७ मध्ये मतदारांनी आणीबाणीविरुद्ध कौल दिला. त्यानंतर १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली आणि एका गटाच्या नावापुढे नेत्याच्या नावाचे आद्याक्षर लागले. १९८२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीहून आले, तेव्हा राज्यातील काँग्रेसजनही चकित झाले होते. १९९२ मध्ये तिरुपती येथील अधिवेशनात कार्यकारिणीची निवडणूक झाली, तेव्हा दोन दशकांच्या खंडानंतरची ती मोठी बातमी ठरली.

हा प्रवास एका पक्षापुरता मर्यादित राहिला नाही. काँग्रेसला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या अनेक प्रादेशिक पक्षांनीही व्यक्तिकेंद्री रचना स्वीकारली. तामिळनाडूत द्रमुकचे अध्यक्षपद १९६९ पासून २०१८ पर्यंत एम. करुणानिधी यांच्याकडे राहिले. अण्णा द्रमुक आधी एम. जी. रामचंद्रन आणि नंतर जयललिता यांच्या नावाने ओळखला गेला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने वैयक्तिक पक्षांतराला आळा घातला, पण पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदार-खासदाराचे सदस्यत्वही धोक्यात आणले. नोंदणीसाठी पक्षाला आपल्या घटनेत लोकशाहीवरील निष्ठा नमूद करावी लागते. मात्र अंतर्गत निवडणुका खरोखर होतात किंवा नाही, हे तपासण्याची परिणामकारक यंत्रणा कायद्याने उभी केलेली नाही.

कामराज यांच्या जीवनातून निघणारा निष्कर्ष सोपा नाही. पक्षातील लोकशाही एका दिवसात संपत नाही. सहमतीच्या नावाखाली मतदान टाळले जाते, शिस्तीच्या नावाखाली राजीनामे घेतले जातात, कार्यक्षमतेच्या नावाखाली निवडणुका पुढे ढकलल्या जातात. प्रत्येक पायरीला त्या वेळी योग्य वाटणारे कारण असते आणि पुष्कळदा ती पायरी प्रामाणिक माणसेच बांधतात. कामराज यांच्या प्रामाणिकपणाविषयी विरोधकांनाही शंका नव्हती. परंतु ज्या पक्षाला सावरण्यासाठी त्यांनी आपले पद सोडले, त्या पक्षात पद सोडण्याचा निर्णय पुढे नेत्याच्या स्वतःच्या हाती राहिला नाही.